चित्र कोणाचं? दवाखान्याबाहेर कला मनाला काय देते

मुंबईकडे कुणी जरा वेगळं वागलं की "याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य अजूनही ऐकू येतं. १९०१ पासून इथे असलेल्या प्रादेशिक मनोरुग्णालयामुळे गावाच्या नावाला तो अर्थ चिकटला. मंजूर खाटा १८५०. राज्यातल्या चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी हे एक, बाकीची येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. त्याच ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं, घंटाळीला अत्रे कट्टा भरतो, गडकरी रंगायतनला चांगला प्रयोग असला की तलावपाळीवर गाडी लावायला जागा मिळत नाही. मन दुखणाऱ्यांसाठी एवढी मोठी वास्तू, लिहिणाऱ्या-गाणाऱ्यांसाठी इतक्या बैठका, आणि तरी दोन्हीकडची माणसं सहसा एकमेकांना भेटत नाहीत. ती भेटतात तेव्हा काय होतं, ते इथे समजून घेऊ. चित्र, लेखन, गाणं, नाटक, शिवणकाम यांनी मनाला बरं वाटतं म्हणजे नेमकं काय घडतं, त्यावर किती भरवसा ठेवावा, आणि डॉक्टरकडे कधी जावंच लागतं?

आधी एक गैरसमज दूर करू. "मानसोपचाराच्या बाहेर" म्हणजे मानसोपचाराच्या विरोधात नव्हे. सकाळी गोळी घेणारा माणूस संध्याकाळी चित्र काढायला बसू शकतो, आणि बहुतेक जण तसंच करतात. बाहेर म्हणजे जिथे केसपेपर नाही, निदान विचारत नाहीत, आणि कागदावर काय उमटलं याची नोंद कुठल्याही फाइलमध्ये जात नाही, अशी जागा.

समजा एका माणसाने काळं घर काढलं. दार नाही, खिडकी नाही. हेच चित्र तीन वेगळ्या खोल्यांत काढलं तर त्याचं तीन तऱ्हांनी काय होतं, ते बघा.

पहिल्या खोलीत ते चाचणीचा भाग असतं. घर, झाड आणि माणूस काढायला सांगून त्यावरून स्वभाव ओळखण्याची पद्धत १९४० च्या दशकापासून चालत आली आहे. तिथे बंद घर म्हणजे पुरावा. अशा चित्रांवरून काढलेले निष्कर्ष कितपत खरे धरायचे, यावर मानसशास्त्रज्ञांमध्येच बरेच वाद आहेत, आणि एका चित्रावरून माणसाविषयी ठाम काही सांगणाऱ्यापासून मी तरी चार हात लांब राहीन. दुसऱ्या खोलीत आर्ट थेरपिस्ट असतो. तो प्रशिक्षित असतो, ठरावीक बैठका घेतो, काही उद्दिष्ट ठेवून तुमच्यासोबत त्या घराविषयी बोलतो. हा रीतसर उपचार आहे आणि चांगल्या हातात तो फार उपयोगी पडतो. ब्रिटनमध्ये नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. आपल्याकडे दोन दिवसांची कार्यशाळा केलेलेही पाटी लावतात, म्हणून प्रशिक्षण कुठे घेतलं, किती काळाचं होतं, हे बेधडक विचारावं. तिसऱ्या खोलीत कुणी काहीच विचारत नाही. रंग आहेत, कागद आहे, शेजारी आणखी चार जण आपापलं काही करत आहेत. घर काळं का, हे सांगायचं असेल तर सांगा. कदाचित बाकीचे खडू तुटले होते, म्हणून ते काळं झालं असेल.

ही तिसरी खोली आपल्याकडे सगळ्यात दुर्मीळ आहे, आणि माझ्या मते तिचीच सगळ्यात जास्त गरज आहे. कारण आजाराने माणसाचं एक फार मोठं नुकसान केलेलं असतं, ज्याच्यावर गोळी नाही: त्याच्याविषयीची गोष्ट दुसरेच सांगायला लागतात. डॉक्टरांना बायको सांगते, बायकोला डॉक्टर सांगतात, नातेवाइकांना सासूबाई सांगतात. ज्याचं आयुष्य आहे तो खुर्चीत बसून ऐकत असतो.

जर्मनीत हायडेलबर्गला मनोरुग्णांच्या कलाकृतींचा एक संग्रह आहे, त्यात एक जाकीट आहे. आग्नेस रिश्टर नावाची शिवणकाम करणारी बाई १८९३ मध्ये मनोरुग्णालयात दाखल झाली आणि १९१८ साली मरेपर्यंत तिथून सुटली नाही. तिने रुग्णालयाच्याच राखाडी लिननच्या कापडातून स्वतःच्या मापाचं जाकीट शिवलं आणि त्यावर रंगीत धाग्यांनी अक्षरं भरली, बाहेरून आणि आतूनही. जुन्या जर्मन वळणाची ती लिपी आज फार थोड्या जणांना वाचता येते. त्यात धागे घासले गेलेत, ओळी एकमेकींवर चढल्यात, त्यामुळे सलग मजकूर लागत नाही. सुटे शब्द मात्र लागतात. "मी" पुन्हा पुन्हा येतो. "माझं जाकीट" असं येतं. तिचा धुलाईचा नंबर, ५८३, तोही टाक्यांत येतो. कपडा अंगात घालून वापरलेला होता, हे त्याच्या झिजलेपणावरून कळतं. म्हणजे तिने ते कुणाला दाखवण्यासाठी भरलं नव्हतं. अंगाला लागणाऱ्या बाजूला जी अक्षरं होती, ती तर दुसऱ्या कुणाला दिसणारही नव्हती. ज्या ठिकाणी तिला नंबर दिला होता, तिथे तिने तो नंबर स्वतःच्या हाताने, स्वतःच्या धाग्याने, स्वतःच्या गोष्टीत ओवून घेतला. तिसऱ्या खोलीत काय घडतं, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

हा संग्रह हान्स प्रिन्झहॉर्न या डॉक्टरने पहिल्या महायुद्धानंतर जमवला. सुमारे पाच हजार कलाकृती. पुढे नाझींनी त्यातली काही चित्रं "विकृत कला" म्हणून प्रदर्शनात लावली, आणि ज्यांची चित्रं त्या संग्रहात होती त्यांपैकी काही रुग्णांना त्याच राजवटीने ठार मारलं. म्हणून रुग्णाच्या चित्राला "अद्भुत" म्हणून डोक्यावर घेणं मला पुरेसं वाटत नाही. चित्राचं कौतुक झालं आणि चित्र काढणारा मात्र भिंतीआडच राहिला, असं इतिहासात अनेकदा घडलंय.

ब्राझीलची मानसोपचारतज्ज्ञ नीझे द सिल्वेइरा हिने वेगळी वाट धरली. राजकीय मतांमुळे १९३६ मध्ये तिला तुरुंगात टाकलं होतं. सुटून अनेक वर्षांनी रिओच्या मनोरुग्णालयात परत आली तेव्हा विजेचे शॉक आणि मेंदूची शस्त्रक्रिया हे नवे उपचार म्हणून जोरात होते. तिने ते द्यायला साफ नकार दिला. मग तिला कुणालाच नको असलेला व्यवसायोपचाराचा, म्हणजे कामातून उपचार करण्याचा, विभाग मिळाला, जिथे रुग्णांकडून झाडलोट करून घेत असत. १९४६ मध्ये तिने तिथे चित्रांची आणि मातीकामाची खोली सुरू केली, पुढे आवारात कुत्री-मांजरंही आणली, कारण काही रुग्ण माणसांशी बोलत नसत पण कुत्र्याशी बोलत. १९५२ मध्ये त्या कामांचं संग्रहालय झालं. त्याच १९४६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड ॲडमसन नावाचा चित्रकार नेदर्न रुग्णालयात रुजू झाला. डॉक्टरांना अभ्यासासाठी चित्रं हवी होती, आणि चित्र काढताना कुणी मध्ये पडू नये अशी अट होती. ॲडमसनने ती अट मनापासून पाळली. तो शिकवत नसे, अर्थ लावत नसे, फक्त सोबत असे. तसं त्याने पस्तीस वर्षं केलं.

आता शास्त्राकडे येऊ. "मनातलं बाहेर काढलं की मोकळं वाटतं" असं आपण म्हणतो, आणि डोळ्यांसमोर कुकरची शिट्टी असते: वाफ साठली, सोडली, झालं. मन मात्र तसं चालत नाही. नुसता त्रागा ओकत राहिलं तर पुष्कळदा तो वाढतो. तेच ते उगाळणं हे तर नैराश्याचं एक लक्षणच आहे.

१९८६ मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी एक साधा प्रयोग केला. ४६ विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साध्यासुध्या गोष्टींवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगावर. ज्यांनी प्रसंग आणि त्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून उठताना उलट वाईटच वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत ते कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतरच्या अभ्यासांत एक गोष्ट लक्षात आली: ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "त्यामुळे", "आता कळतंय" अशा शब्दांचं प्रमाण वाढत गेलं, त्यांना फायदा अधिक. पहिल्या दिवशी विस्कळीत असलेलं चौथ्या दिवशी गोष्टीचा आकार घेऊ लागलं होतं. म्हणजे गुण नुसत्या बाहेर काढण्याला नाही, त्याला आकार देण्याला आहे. आकार देताना माणूस त्या दुःखापासून हातभर लांब बसतो, त्याच्याकडे बघतो, इथे हा रंग नको म्हणतो. ज्याच्या हाती आजारात काहीच उरलं नव्हतं, तो आता निर्णय घेत असतो.

हाताने काम करण्याचा शरीरावरही परिणाम होतो. २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात ३९ प्रौढांना पाऊण तास चित्र, चिकटकाम, मातीकाम यांपैकी हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. सुमारे चारांपैकी तिघांमध्ये ते उतरलं, आणि ज्यांनी शाळेनंतर कधी ब्रश धरला नव्हता त्यांच्यातही उतरलं. अभ्यास लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावर मोठी इमारत उभारू नये. पण "मला चित्र येत नाही" हे कारण त्याने बाद होतं. आपल्याकडे एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षेत सी ग्रेड मिळाल्यावर ज्यांनी पेन्सिल कायमची ठेवून दिली, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं आहे.

गाण्याचा पुरावा मला जास्त आशादायक वाटतो. इंग्लंडमध्ये बाळंतपणानंतर नैराश्याची लक्षणं असलेल्या १३४ आयांचे तीन गट केले. एका गटाने दहा आठवडे बाळांना घेऊन एकत्र गाणी म्हटली, दुसऱ्याने बाळांसोबत खेळ केले, तिसऱ्याला नेहमीची वैद्यकीय सेवा. २०१८ मध्ये आलेल्या निकालात, मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या आयांपैकी गाणाऱ्या गटातल्या आया नेहमीच्या सेवेतल्यांपेक्षा लवकर सावरल्या. एकत्र गाताना श्वास एका लयीत येतो, कुणी कुणाला "कशी आहेस?" विचारत नाही, आणि तरी एकटेपण जातं.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, असलेल्या ४१७ जणांवर मोठी चाचणी झाली. काहींना वर्षभर दर आठवड्याला गटातली आर्ट थेरपी देऊ केली. दोन वर्षांनी मोजलं तेव्हा त्यांच्यात आणि इतरांच्यात लक्षणांचा किंवा कामकाजाचा फरक दिसला नाही. बऱ्याच जणांनी मोजक्याच बैठकांना हजेरी लावली होती. चिठ्ठी टाकून चित्र काढायला पाठवलेला माणूस आणि स्वतःहून रंग हातात घेणारा माणूस यांत फरक असणार, असं मला वाटतं. पण तेवढं म्हणून तो निकाल झटकून टाकता येत नाही. कला स्किझोफ्रेनिया बरा करते, असं कुणी सांगत असेल तर त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका. लेखनाच्या प्रयोगांचंही तसंच आहे: पुढे झालेल्या शंभराहून जास्त प्रयोगांची एकत्र सरासरी काढल्यावर फायदा खरा, पण लहान निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेची आरोग्याला मदत होते असं म्हटलं, तेही मदत या अर्थानेच.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्या आज्या-पणज्यांना मात्र हे शिकवायला कुणी आलं नव्हतं. पहाटे जात्यावर बसून बायका जे गात होत्या, त्यात सासरचा जाच होता, गेलेलं मूल होतं, माहेरची वाट होती. घरात जे बोलायची सोय नव्हती ते ओवीत बसवलं की बोलता येत होतं, कारण ओवी सगळ्यांची असते, तक्रार एकटीची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तिथे केसपेपर नव्हता, आणि जात्याच्या समोर बसणारी दुसरी बाईही त्यातूनच गेलेली होती. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती बंद पडली, ती पहाटेची बैठकही मोडली. तिच्या जागी आपण काय दिलं, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये बापू ट्रस्ट सुरू केला. लहानपणी त्यांनी आपल्या आईला मनोरुग्णालयात कोंडलेलं पाहिलं होतं, आणि संस्थेला आईचंच नाव दिलं. वस्त्यांमध्ये जाऊन ताल, श्वास, चित्र, गाणं यांच्या आधाराने काम करायचं आणि निदानाचा शिक्का आधी मारायचा नाही, ही त्यांची रीत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने १९९० पासून मनाच्या आरोग्याचा विषय नाटक, गाणं, गप्पा यांतून लोकांपर्यंत नेला. स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्या शुभार्थींसाठी, म्हणजे रुग्णांसाठी, त्यांचा त्रिदल नावाचा उपक्रम आहे. पण अशा जागा बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि गरज कळव्यापासून पनवेलपर्यंत.

छोटा गट चालवणं तसं अवघड नाही. मी अशा एका गटात बसतो, म्हणून पाहिलेलं सांगतो. आमच्याकडे तेलखडू, जुनी वर्तमानपत्रं, गोधडीसाठी चिंध्या, सुई-दोरा आणि एक डग्गा आहे. खर्च नगण्य. जागेचा प्रश्न वेगळाच आहे: सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कुणी येत नाही, कारण वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना कळतं. ठाण्याची माणसं ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून वाशीला जाणं पसंत करतात, आणि नेरूळ-ऐरोलीची ठाण्याला येणं. जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही तिथे हात मोकळा चालतो.

एक ताई बरेच दिवस नुसत्या येऊन बसायच्या. चहा घ्यायच्या, इतरांचे खडू डब्यात रंगांप्रमाणे लावून ठेवायच्या. एका दुपारी त्यांनी कागद घेतला आणि तो पूर्ण निळा केला, कोपऱ्यांसकट, खडू बोटांना चिकटेपर्यंत. मग त्यावर नखाने रेघा ओढल्या. शेजारच्या मुलीने विचारलं, "काकू, समुद्र का?" त्या म्हणाल्या, "नाही गं. आमच्या ह्यांचा शर्ट." एवढंच. कागदाची चार घड्यांची घडी करून पर्समध्ये ठेवली. पुढच्या वेळी त्यांनी दुसरा कागद घेतला. त्या शर्टाबद्दल आजवर कुणी त्यांना काही विचारलेलं नाही.

गट बिघडतो तो बहुतेक वेळा कौतुकानेच. घरचे चित्राचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतात, "बघा, आमची किती छान सावरली!" मग पुढचं चित्र त्या ग्रुपसाठी निघतं. कुणी हितचिंतक स्पर्धा ठेवतो, बक्षिसं आणतो, आणि ज्याला नंबर मिळत नाही तो येणं बंद करतो. "असं उदास काय काढलंस, जरा प्रसन्न काहीतरी काढ ना," हे वाक्य तर प्रेमाने म्हटलेलं असलं तरी दार लावून घेतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा रुग्णालयात उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला मनाई करतो. घराला हा कायदा लागू नाही, पण त्यातली दृष्टी घराने उचलायला काय हरकत आहे? चित्र दाखवायचं, फाडायचं की विकायचं, हे काढणाऱ्याने ठरवायचं. शुभंकरांना, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांना, मी हेच कळकळीने सांगतो.

आता जिथे थांबायचं ते. गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. नैराश्याच्या गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असे त्रास होतात, आणि स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरमध्ये (मन उन्माद आणि नैराश्य यांत हेलकावतं तो आजार) आजार उलटून येण्याचा धोका मोठा असतो. कमी करायच्या असतील तर डॉक्टरांशी बोलून, हळूहळू. आघात अगदी ताजा असेल तर त्यावर लिहायला बसवू नका. लिहिताना आता सहन होणार नाही असं वाटलं की तिथेच थांबावं, हा पेनेबेकर यांचाही नियम होता. आणखी एक खूण घरच्यांच्या हमखास नजरेतून सुटते. बायपोलर असलेला माणूस रात्र-रात्र जागून चित्रं काढतोय, दोन तासांच्या झोपेवर ताजातवाना आहे, महागडे कॅनव्हास मागवतोय, बोलणं थांबत नाही. घर खूश असतं की कसा कामाला लागला. ही उन्मादाची सुरुवात असू शकते, तेव्हा लगेच डॉक्टरांना कळवा. आणि कागदावर किंवा बोलण्यात मरणाचा विचार आला, तर "चित्राचा अर्थ लावायचा नाही" हा नियम बाजूला ठेवून सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतोय का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही चालतो.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांकडे समाजमंदिरं आहेत, काही शाळांच्या खोल्या दुपारनंतर रिकाम्या असतात. प्रत्येक प्रभागात आठवड्यातून एक दुपार अशी एक खोली मिळावी, एवढी मागणी आपल्या नगरसेवकाकडे करता येईल. नाव "मानसिक रुग्णांसाठी" असं देऊ नये, नुसतं "चित्रांची खोली" पुरे. नळ हवा, पंखा हवा, खाली बसायला सतरंज्या आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या. कामं ठेवायला कुलपाचं कपाट हवं, आणि त्याची किल्ली कार्यालयात नको, गटातल्याच कुणाकडे असावी.